थांबायची शिट्टी

नेमबाजी क्लबचा पहिला नियम आप्पांनीच घातलेला. ज्याला थांबायची शिट्टी ऐकू येत नाही, त्याने बंदुकीला हात लावायचा नाही. मग तो कुणी का असेना.

आणि आता आप्पांनाच शिट्टी ऐकू येईना. समोरचा लाल दिवा लागला की ते बंदूक खाली ठेवत आणि वेळ मारून नेत. एरवी खुर्च्या कुठे मांडायच्या यावरून भांडणाऱ्या सभासदांनी तो दिवा मात्र एकमताने बसवला होता, तोही आप्पा लेकीकडे राहायला गेले असताना.

शेवटी मनाला टोचणी लागली. त्यांनी आपलं सभासदाचं कार्ड सेक्रेटरीच्या टेबलावर ठेवलं. तिला नेम धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"घे पोरी. मी दिवा बघून थांबतो. शिट्टी मला अजिबात ऐकू येत नाही. नियम म्हणजे नियम."

तिने ड्रॉवर उघडला. आत शिट्टी होती, दोरीसकट धूळ खात पडलेली.

"दिवा बसवल्यापासून ती इथेच आहे, आप्पा," कार्ड त्यांच्या खिशात परत सरकवत ती म्हणाली. "आम्हालाही कुणाला ऐकू येत नाही."