मोड आलेले वाल

शैलाताईंनी फडक्याची पुरचुंडी सोडली. कडव्या वालांना छान लांब मोड आले होते. निनाद उद्या सकाळी आखातातून घरी येणार होता, तीन वर्षांनी. दारात पाऊल टाकताच पोराला वालांच्या बिरड्याचा वास आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

सोलण्यासाठी वाल कोमट पाण्यात टाकणार, तोच निनादचा व्हिडिओ कॉल आला. विमानतळावर फरशीवरच, बॅगेला टेकून बसला होता.

“आई, ज्या कंपनीच्या विमानाने येणार होतो ना, ती कंपनीच बुडाली गं. सगळी विमानं बंद. दुसऱ्या कुठल्या विमानात जागा नाही.”

“मग चार दिवसांनी ये.”

“रजाच चार दिवसांची होती. आता पुढच्या वर्षी.” तो फोनजवळ वाकला. “वाल भिजवलेस? दाखव ना.”

त्यांनी फडकं कॅमेऱ्यासमोर धरलं. तो बराच वेळ बघत राहिला.

फोन ठेवल्यावर अप्पा, त्यांचे यजमान, समजुतीने म्हणाले, “चल, मीही सोलायला बसतो. आपण दोघं खाऊ.”

“माझ्या घशाखाली नाही उतरायचे.”

त्या फडक्यासकट उठल्या, परसात गेल्या. थंडी पडू लागली होती. वाल पेरायचे हेच दिवस. खुरप्याने माती उकरून त्या एकेक मोड आलेला दाणा आत ठेवू लागल्या. अप्पांनी पाण्याची बादली आणली.

“पिकले की वाळवून ठेवू, वर्षभर टिकतात,” शैलाताई मातीकडे बघत म्हणाल्या. “पुढच्या वर्षी त्याला घरचेच घालू.”