सलामखान्यातला डाग

“हा डाग धुऊन निघायचा नाही, मुदीरसाहेब,” गालिच्यावरून हात फिरवत उस्ताद नेकमहंमद म्हणाले. “रक्त आहे. फार जुनं.”

महालाचे मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, इसाक वाकून पाहू लागले. नव्या अध्यक्षांच्या पाहुण्यांसाठी महाल सजवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. “तीन दिवस इथंच नाचतोय मी. मला कसा दिसला नाही?”

“धुळीखाली होता. आज झाडलं, म्हणून दिसला.”

काबूलच्या या महालाच्या सलामखान्यातल्या, म्हणजे मुजऱ्याच्या दालनातल्या, त्या गालिच्यानं सगळं सोसलं होतं. राजाच्या काळात त्यावर दरबारी वाकायचे. पुढे अध्यक्ष आले, मग रणगाडे आले, मग बंदूकवाल्यांनी त्याच्यावरच चहाची चूल मांडली. दर वेळी रफू करायला बोलावणं यायचं ते उस्तादांनाच.

रणगाडे आले त्या दुपारी या दाराशी त्यांचा जलील पहाऱ्यावर होता. विशीतलं पोर. ना मढं मिळालं, ना कबर. त्याची आई माहजान चोवीस वर्षं एकच म्हणत होती, “मला रडायला मूठभर माती तरी द्या.” आता तिनं अंथरूण धरलं होतं आणि डॉक्टरनं हात टेकले होते.

“एवढा भाग कापून नवा विणतो,” उस्ताद म्हणाले. “मजुरी नको. तुकडा मला द्या.”

मुदीरांना जलीलचं ठाऊक होतं. “न्या, काका. कुणी विचारलंच तर उंदरांनी खाल्ला म्हणेन.”

उस्तादांनी दुपारच्या जेवणाचं फडकं आवरलं. नान तसाच होता. माहजाननं हट्टानं बांधायला लावलेलं डाळिंब तेवढं संपलं होतं.

शुक्रवारी हातगाडीवर गादी घालून माहजानला कबरस्तानात नेलं. तिनं तुकडा तोंडाशी धरला, बराच वेळ धरून ठेवला, मग स्वतःच्या हातानं खड्ड्यात ठेवला. मुल्लानं फातिहा म्हटला. माहजान पोटभर रडली. गल्लीतली माणसंही रडली.

परतताना तिचा चेहरा शांत होता. उस्ताद गाडी ढकलत होते.

“जलीलचे बाबा, मला त्याच्याच शेजारी ठेवा.”

“बरं.”

तिनं त्यांचा हात धरून त्यांना जवळ ओढलं.

“तुकड्याचा वास अजून गेला नव्हता हो,” ती हळूच म्हणाली. “डाळिंब गोड होतं का?”