बाबांचं वाजवणं

बाबांचे दिवस झाल्यावर मी हवल्ली या अरबी शहरातल्या स्टुडिओत गेले. तिथे बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांमागे गिटार वाजवली आणि परकारकाकांनी ती रेकॉर्ड केली. घरी मात्र ते गिटारला हात लावत नसत.

“काका, बाबांचं स्वतःचं असं काही द्या. आईला एकदा ऐकायचंय.”

काकांनी एकेक ट्रॅक लावला. अरबी गाण्यात गिटार ऊद या तंतुवाद्यासारखी वाजत होती, मल्याळी गाण्यात वेगळीच, आणि जाहिरातीत तर तिसऱ्याच कुणाची वाटली.

“हे सगळे बाबाच?”

“मग? अमक्यासारखं वाजव म्हटलं की तुझा बाप हुबेहूब अमका व्हायचा. म्हणून तर सगळ्यांना तोच हवा असायचा.”

“आणि स्वतःसारखं कधी वाजवायचे?”

“रेकॉर्डिंग चालू केलं की लगेच गाण्याला हात घालायचा नाही तो. तारा लावता लावता आपल्याच नादात थोडं वाजवायचा. काय गोड वाजवायचा गं!”

“तेच द्या ना, काका.”

“गाणं तिथून सुरू होत नाही ना, बेटा. ते दर वेळी मी कापून टाकलं.”