वीतभर अंतर

यार्मोनं चष्मा काढून बाहेरच्या खोलीतल्या खिडकीत ठेवला आणि भिंत चाचपत सौनात, वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, आला. आतल्या धगीत चष्म्याची दांडी कानाला चटका देते. त्यामुळे शनिवारची वाफ आणि यार्मोचा चष्मा एकत्र कधी नांदले नाहीत.

त्याची बायको सिर्पा आधीच वरच्या बाकावर बसली होती, अंगावर सुताचा धागा नसलेली. सौनात कपडे घालून बसणारं माणूस त्या तळ्याकाठी अजून जन्माला यायचं होतं. दोन-तीन वर्षांमागं कॅन्सरमुळं तिचा डावा स्तन काढावा लागला होता. तिथं आता काखेपासून निघालेला एक वाकडातिकडा व्रण होता. यार्मोला ते ठाऊक होतं, पण त्यानं तो पाहिला नव्हता. घरात ती दिवा मालवून कपडे बदलायची, दाराशी त्याची चाहूल लागली तर टॉवेल ओढून घ्यायची. इथं मात्र मोकळी बसायची. चष्म्याशिवाय यार्मोला वीतभर अंतरापलीकडचं काही दिसत नसे. मासे धरायचा गळ बांधताना तो चष्मा काढायचा, आकडा नाकाशी न्यायचा आणि केसाएवढी गाठ अचूक मारायचा. हातभर लांबची बायको मात्र त्याला गुलाबी ढगासारखी दिसायची. सिर्पाला ढग असणं मानवलं होतं.

"तालिनच्या दवाखान्यातून फोन आला होता," खालच्या पायरीवर बसत तो म्हणाला. वरच्या बाकावरची धग त्याला सोसत नसे, त्यावरून ती त्याला हसायचीही. "डॉक्टरीणबाई म्हणतात, डोळे लेझरला एकदम फिट आहेत. गुरुवारची वेळ मिळतेय. सकाळच्या बोटीनं जायचं, दुसऱ्या दिवशी परत."

"पन्नाशी उलटल्यावर हे काय खूळ घेतलंयस डोक्यात? आणि ते परदेशात जाऊन! इथले डॉक्टर काय संपलेत?"

"परदेश कसला? अर्धं हेलसिंकी दात बसवायला तिकडंच जातं. तुझी बहीणच नाही का तिथलं हसू घेऊन आली?"

"दात पडले तर नवे मिळतात. डोळे मिळतात का?"

"अगं, आत्ता तरी कुठं आहेत? गेल्या उन्हाळ्यात तळ्यातून वर आलो आणि शेजारच्या मार्त्तीला म्हणालो, 'राणी, पाठ पूस गं.'"

"पुसलीन् ना त्यानं?"

"पुसली. म्हणून तर कळलं. तू इतकी हळुवार पुसत नाहीस."

सिर्पा खळखळून हसली.

यार्मो वळला आणि डोळे बारीक करून तिच्या दिशेला बघू लागला. "खरं सांगू? घरात आपल्याला शब्द फुटत नाहीत. जे काही बोलतो ते इथं बसून. आणि नेमका तेव्हाच मी आंधळा. तू हसतेयस की रडतेयस, कळायला मार्ग नाही. मला इथं बसून तुला बघायचंय, सिर्पा. बस्स, एवढंच आहे. तू नको म्हणालीस तर नाही जाणार."

इतक्या प्रेमानं कुणी कुणाचा एकुलता एक आडोसा मागू नये. नको म्हणायला कारण लागतं, आणि कारण तिच्या अंगावर होतं. तिनं मनात दुसरी कारणं शोधली, धोका, वय, बोट लागते ते. एकही टिकणारं नव्हतं. यार्मो तिला उत्तर मागत होता आणि तिला रडू येत होतं.

तिनं शेजारच्या बादलीतलं पळीभर पाणी चुलीवरच्या तापल्या दगडांवर ओतलं. चर्र झालं, वाफ उठली, क्षणभर तिला सगळीकडून झाकलं आणि पातळ होऊन गेली.

"आणखी काय म्हणाल्या त्या बाई?"

"म्हणाल्या, या वयात एक सौदा करावा लागतो. लांबचं लख्ख दिसेल, पण जवळचं धूसर होईल. गळ बांधायला उलट चष्मा लागेल."

"जवळचं म्हणजे किती?" तिनं घाईघाईनं विचारलं.

"कोण जाणे." त्यानं तळवा चेहऱ्यासमोर धरला. "एवढं धर. एवढ्यातलं सगळं पुसट."

सिर्पा त्या तळव्याकडे बघत राहिली. म्हणजे जागा होती. एवढीशीच, पण होती. गुरुवारनंतर दर शनिवारी तिथं बसता येईल? ती बाकावरून सरकत सरकत त्याच्याजवळ आली. तिचा गुडघा त्याच्या खांद्याला टेकला. वाकलं की त्याचं डोकं बरोबर तिच्या छातीएवढ्या उंचीवर येत होतं. ती पुढं वाकली.

"इथवर?"

गुरुवार अजून यायचा होता, आज शनिवारच होता, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"हां, साधारण इथ..." म्हणत यार्मोनं मान वळवली आणि थांबला. त्याचे बारीक केलेले डोळे सैल झाले, आकडा नाकाशी आल्यावर व्हायचे तसे. आता त्यांना कसलाच प्रयास पडत नव्हता.

चुलीत एक लाकूड तडकलं. सिर्पानं न बघता पळीसाठी हात मागं नेला, बाक चाचपला. बादली दुसऱ्या टोकाला राहिली होती.