वरून चौथं

डोळे मिटा पाहू. खरोखर मिटले तर वाचणार कसं, म्हणून मनातल्या मनातच मिटा, पण घट्ट. असं समजा, तुम्ही शाळेच्या एका वर्गात उभे आहात. बाकं भिंतीला लावून रचली आहेत, पण ती तुम्हाला दिसत नाहीत. कागद चाळल्याचा आवाज येतो. कुणीतरी खोकतं. कुणीतरी मोठ्याने एक नाव वाचतं, ते तुमचंच असतं. आज देशाची निवडणूक आहे. तुमचा दंड तुमच्या नातीने धरला आहे. ती तुम्हाला चार पावलं पुढे नेते आणि थांबवते. तुम्ही तिच्या कानात सांगता, "वरून चौथं." मग यंत्राचा लांबलचक ‘पीं’ असा आवाज येतो. झालं तुमचं मत देऊन.

आता डोळे उघडा.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे तिघं होती. आजोबा, त्यांची अठरा वर्षांची नात आणि तिची नऊ वर्षांची धाकटी बहीण. आजोबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. नजर गेली तरी बोटांनी बटणं मोजता आली असती, पण आता बोटंही थरथरायची. चौथ्याच्या जागी पाचवं दाबलं गेलं तर काय घ्या! न दिसणाऱ्या मतदाराला सोबत एक मोठं माणूस नेता येतं. मतदार सांगेल तेच बटण दाबीन, असं लिहिलेल्या कागदावर ताईने सही करून दिली होती. धाकटीला टेबलावरच्या बाईंनी "असू दे, शेपूट आहे ते," म्हणून आत सोडलं होतं. तिचे डोळे नेमके यंत्राच्या उंचीला येत होते.

ताईचं बोट चौथ्या बटणापाशी गेलं. थांबलं. मग खाली सरकून तिने सातवं दाबलं.

पाच मिनिटांपूर्वी स्वतःचं मत देताना तिने सातवंच दाबलं होतं. महिनाभर त्यावरून घरात जेवणं थंड होत होती. "आजोबा, तुमचं जगून झालंय. पुढची साठ वर्षं आम्हाला काढायची आहेत," असं ती म्हणायची. आजोबा म्हणायचे, "मग साठ वर्षं पुरेल एवढा विचार कर म्हणजे झालं." यंदा तरुण मुलंच निकाल फिरवणार, असं जो तो बोलत होता. ताई आणि तिच्या मैत्रिणी एकेका मतासाठी दारोदार फिरल्या होत्या. हे एक मत तर आयतंच तिच्या बोटाखाली आलं होतं.

पटांगणात रांग उन्हात उभी होती. आजोबा पायऱ्या उतरले, तशी रांगेतल्या शिंप्याने हाक मारली.

"काय घड्याळवाले, नातीला नेलंत आत? ती तर पलीकडच्या पक्षाची. शत्रूच्या हातात किल्ली दिलीत की!"

"अहो, भांडण घरात," आजोबा हसले. "ती माझं एक ऐकत नाही, खरं आहे. पण माझं मत तिने मी सांगितलं तसंच दिलं. तुमचा मुलगा देईल का?"

"माझा? तो मला रांगेतूनच घरी पाठवेल."

आजूबाजूचे चार जण हसले. ताई हसली नाही.

"आजोबा," ती म्हणाली.

"काय गं?"

तिचे ओठ हलले. "काही नाही. ऊन फार आहे."

"घाबरलीस ना आत? हात गार पडलाय तुझा. पहिल्यांदा मत दिलं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. बरं असतं ते. ज्याच्या पोटात गोळा येत नाही, त्याने मत देऊच नये." आजोबांनी तिच्या हातावर थोपटलं. "तू होतीस म्हणून आलो गं. नाहीतर यंदा घरीच बसणार होतो."

मग ते पुन्हा शिंप्याशी बोलण्यात रमले. ताई बाजूला जाऊन भिंतीला टेकली. धाकटी तिच्या मागोमाग गेली.

"ताई, आजोबा चौथं म्हणाले होते."

"माहितेय मला."

"मग तू—"

"माहितेय म्हटलं ना!" ताईने इकडेतिकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं, एकाने काय होतंय. त्यांना कुठे कळणार आहे."

"सांग ना त्यांना."

"काय सांगू? ऐकलंस ना, सगळ्यांना काय सांगत होते ते?"

"मग परत जा आत. आणि चौथं दाब."

"नाही जाता येत. हे बघ." ताईने दोन्ही हात पुढे केले. एका बोटाला तिच्या मताची शाई होती आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला आजोबांच्या मताची. "शाई लागली की परत सोडत नाहीत."

धाकटीने आपले हात उलटसुलट करून पाहिले. दहाही बोटं स्वच्छ होती. ती सरळ चालत गेली आणि रांगेच्या शेवटी, एका उंच माणसाच्या मागे उभी राहिली.

त्याने मागे वळून पाहिलं. "तू कशाला गं इथे? तुझं मत यायला अजून अवकाश आहे."

"माझं नाही," ती म्हणाली. "आजोबांचं द्यायचं राहिलंय."

रांग एक पाऊल पुढे सरकली. तीही सरकली.