खळं

"मामा, खळं पडलं!" जंतूंच्या प्रयोगशाळेतून बायजा धावतच शेळ्यांच्या वाड्यावर आली.

बिरूमामांनी आभाळाकडं पाहिलं. "भर दुपारी? चांद कुठाय?"

"जंतूंच्या बशीत पडलं!" तिनं मोबाइलवरचा फोटो दाखवला. "नव्या औषधाच्या थेंबाभोवतीचे सगळे जंतू मेले!"

शेळ्यांकडून येणाऱ्या तापाला जगातलं एकही औषध लागू पडेनासं झालं, तेव्हापासून हातमोज्यांशिवाय शेळीला शिवायची बंदी होती. मामांनी ते गोल खळं डोळे भरून पाहिलं.

"खळं पडलं म्हंजी पाऊस येणारच!" म्हणत त्यांनी हातमोजे भिरकावले.

"मामा, थांबा! अजून माणसांवर चाचणी..."

पण मामांनी करडू उचललंसुद्धा. ते बिचकलं. माणसाचा हात उबदार असतो, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.