निरोगी नमुना

“अँटिबॉडीच खराब आलीय,” मी शर्वरी मॅडमना म्हटलं. पेशीला ताकद पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातलं एक प्रथिन हुडकायला आमच्या लॅबमध्ये ती वापरतात. निरोगी माणसाच्या रक्ताची फिल्मवर ठळक काळी पट्टी उमटते, आजारी माणसाची फिकी. इथे निरोगी नमुन्याचीच पट्टी फिकी आली होती.

मॅडमनी अँटिबॉडीची नवी कुपी मागवली. बर्फातून आलेली ती कुपी मी स्वतः उघडली. पुन्हा तेच. मग आज त्यांनी शेजारच्या लॅबमधल्या दोघांचं रक्त जुन्या नमुन्याशेजारी लावलं. त्या दोघांच्या पट्ट्या डांबरासारख्या काळ्या आल्या. जुनी तशीच फिकी.

“सुनंदाताई, हा जुना नमुना कुणाचा?”

निरोगी रक्त लागलं की आमच्यातलंच कुणीतरी बाही वर करतं. नळीवर नाव लिहीत नाहीत, नुसतं ‘निरोगी’ लिहितात.

“माझा,” मी म्हणाले.

मॅडमनी खुर्ची पुढे केली. “एका पट्टीवरून काही ठरत नाही. आधी नीट तपासण्या करू.”

दोन जिने चढले की मला धाप लागते. वजनामुळे, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. मायटोकॉन्ड्रियाचा हा आजार पुष्कळदा आईकडून मुलांत उतरतो, हे मला कुणी समजावायला नको होतं. बारा वर्षं याच लॅबमध्ये काढलीत.

सकाळीच लेकीच्या शाळेची चिठ्ठी आली होती : मुलगी खेळाच्या तासाला पळत नाही, बसून राहते. आळशी म्हणून मी तिला दोन धपाटे घातले होते.